होकायंत्राची पारख

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत घोड्यांच्या ट्रामगाड्यांच्या जागी विजेच्या ट्रामगाड्या आणण्याची तजवीज सुरू झाली, तेव्हा शहरवासीयांना तीत सुखसोयीची नांदी दिसली असली, तरी कुलाब्याच्या वेधशाळेच्या दृष्टीने तो जागा खाली करण्याचा हुकूमच होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात १८२६ साली उभारलेल्या या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत असे. आणि रुळांतून व तारांतून वाहणाऱ्या विजेभोवती जे चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते, ते कितीही क्षीण असले तरी त्या मोजणीचे सारे दप्तर बिघडवून टाकण्यास पुरेसे आहे, हे तेथील शास्त्रज्ञ ओळखून होते. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी मुंबईच्या दक्षिणेस अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. तिच्या इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड वापरला आणि बांधकामात लोखंड वर्ज्य मानले. १९०४ पासून दोन वर्षे कुलाबा व अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी करून जुन्या व नव्या आकड्यांचा मेळ बसवला गेला, आणि १९०७ साली विजेची ट्राम मुंबईच्या रस्त्यावर आली त्यापूर्वीच कुलाब्याचे चुंबकीय काम अलिबागेस सुखरूप पोचले होते. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली ते तेथे आजही चालू आहे.

डोंगरात फिरण्यासाठी होकायंत्र विकत घेऊ पाहणाऱ्या सामान्य माणसाला या हकिकतीशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु होकायंत्राची पारख करताना जी एकच गोष्ट प्रथम ध्यानी धरावी लागते, ती येथे पुरती आली आहे. सुई उत्तर दाखवते, ही आपली बोलण्याची सोय झाली. वस्तुतः ती ज्या ठिकाणी असेल त्या ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्राला समांतर होऊन थांबते. मग ते क्षेत्र पृथ्वीचे असो, खिशातल्या मोबाइलचे असो, अथवा शेजाऱ्याच्या हातातल्या पोलादी काठीचे असो. तिच्या ठायी प्रामाणिकपणा आहे, विवेक मात्र नाही. तो वापरणाऱ्याने पुरवायचा असतो. म्हणून विश्वासू होकायंत्र निवडणे म्हणजे जिची सुई निर्वेधपणे फिरते, जी आपल्या मुलखाच्या चुंबकत्वाला साजेशी तोललेली आहे आणि जिच्या खरेपणाची खातरजमा आपण स्वतः करून घेतली आहे, अशी वस्तू निवडणे होय. डबीचा रंग, झाकणावरील नक्षी, आत बसवलेली शिटी, तापमापक आणि भिंग यांच्याकडे गिऱ्हाइकाचे लक्ष आधी जाते आणि सुईकडे सर्वांत शेवटी, ही मोठी खेदाची गोष्ट आहे.

सह्याद्रीत होकायंत्राची गरजच काय, येथे वाटाड्या मिळतो, गुराखी भेटतो, असा युक्तिवाद अनुभवी भटकेही करतात, आणि उन्हाळ्या-हिवाळ्याच्या स्वच्छ दिवसांपुरता तो खोटाही नाही. परंतु खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्याने श्रावणातले धुके एकदा अनुभवावे. खिंडीवरचा कातळटप्पा लोखंडी कठड्यांच्या आधाराने चढून माणूस पठारावर येतो, आणि तेथून गडावरील मंदिरापर्यंत एकामागून एक अशा टेकाडांची रांग लागते, जी सारी एकसारखीच दिसतात. दहा पावलांपलीकडचे काही दिसेनासे झाले की पायवाट कोणती आणि गुरांच्या पायांनी पडलेली ढोरवाट कोणती हा निवाडा करणे अशक्य होऊन बसते. मंदिर साधारणतः पश्चिमेच्या रोखाने आहे, हे नकाशावरून ठाऊक असलेला मनुष्य होकायंत्राच्या आधारे एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर निश्चिंतपणे जाऊ शकतो. येथे दोन सावधगिरीच्या सूचना जोडणे अवश्य आहे. पहिली अशी की त्या लोखंडी कठड्याला टेकून दिशा पाहू नये. दुसरी अधिक गंभीर आहे: होकायंत्र दिशा सांगते, अंतर सांगत नाही, आणि मंदिरापलीकडे त्याच पश्चिमेला कोकणकड्याची दरी आ वासून उभी असल्यामुळे किती चाललो याचा हिशेब पावलांनी किंवा घड्याळाने ठेवावा लागतो.

बाजारात जे प्रकार मिळतात त्यांचा तपशील फार लांबवण्याचे कारण नाही. किल्लीच्या कडीला किंवा घड्याळाच्या पट्ट्याला अडकवण्याची इवलीशी होकायंत्रे मुख्य यंत्र हरवल्यास जवळ असावीत इतपतच कामाची. एन.सी.सी.त शिकलेल्यांच्या हाताला सवय असते ती द्रव भरलेल्या प्रिझ्मॅटिक होकायंत्राची. दूरच्या खुणेचा कोन अचूक घेण्यात ते उत्तम असते, पण नकाशावर काम करण्यासाठी निराळा कोनमापक बाळगावा लागतो आणि वजनही अंमळ जास्तच. त्याच घाटाची, हिरव्या रंगाची, सैनिकी ऐट मिरवणारी जी स्वस्त नक्कल सर्वत्र विकली जाते, तिच्यापासून चार हात दूर राहावे. तिची तबकडी बहुधा अडखळते आणि अंशांच्या रेघा भरवशाच्या नसतात. पायी भटकणाऱ्यासाठी माझे मत निःसंदिग्धपणे पारदर्शक पट्टीच्या होकायंत्राला आहे. स्वीडनमध्ये चेलस्ट्रॉम बंधूंनी १९३३ साली सिल्वा ही कंपनी काढली, तिच्यातून हा प्रकार जगभर पसरला. आणि फिनलंडच्या तुओमास वोहलोनेन याने द्रव भरलेली बंद कुपी तयार करण्याची रीत शोधून १९३६ मध्ये सून्तो कंपनी स्थापन केली, त्यामुळे पूर्वी मिनिटभर हेलकावे खात राहणारी सुई काही क्षणांत स्थिर होऊ लागली. पट्टीच्या होकायंत्राची खुबी ही की होकायंत्र आणि कोनमापक ही दोन उपकरणे तेथे एकजीव झालेली आहेत: पट्टीची कड नकाशावर आपल्या जागेपासून इष्ट स्थळापर्यंत टेकवायची, फिरत्या तबकडीवरील समांतर रेघा नकाशाच्या उत्तर-दक्षिण रेघांशी जुळवायच्या, मग यंत्र नकाशावरून उचलून छातीपुढे सपाट धरायचे आणि सुईचे लाल टोक तबकडीतल्या बाणावर बसेपर्यंत आपण स्वतः गोल फिरायचे. पट्टीवरचा दिशाबाण ज्या बाजूस रोखलेला असेल ती आपली वाट. ज्यांना हिमालयात दूरदूरच्या शिखरांचे कोन घ्यायचे आहेत त्यांनी आरशाचे झाकण असलेला प्रकार घ्यावा, कारण आरशामुळे खूण आणि सुई एकाच दृष्टिक्षेपात येऊन चूक अंशभरावर आणता येते. एका अंशाच्या चुकीने किलोमीटरभर चालल्यावर माणूस सतरा-अठरा मीटर बाजूला जातो आणि पाच अंशांच्या चुकीने सत्याऐंशी मीटर; रुंद पठारावर हा फरक क्षम्य आहे, अरुंद धारेवर नाही.

आता ज्या मुद्द्याकडे आपल्याकडील विक्रेते आणि ग्राहक दोघेही सहसा काणाडोळा करतात, त्याकडे वळतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषा जमिनीला सर्वत्र समांतर नसतात. उत्तर गोलार्धात त्या उत्तरेकडे जमिनीत शिरतात, आणि जसजसे चुंबकीय ध्रुवाकडे जावे तसतसा त्यांचा उतार वाढत जातो. या उताराला नती म्हणतात. लंडनमध्ये ती सहासष्ट अंशांच्या आसपास भरते, लडाखात पन्नासच्या पलीकडे असते, मुंबई-अलिबागच्या परिसरात सुमारे पंचवीस अंश, आणि कन्याकुमारीच्या बाजूस ती जवळजवळ नाहीशी होते, कारण चुंबकीय विषुववृत्त तेथून फार दूर नाही. जेथे नती अधिक, तेथे सुईचे उत्तर टोक खाली ओढले जाते. म्हणून निर्माते दक्षिण टोकाला किंचित वजन देऊन सुई आडवी राखतात. तेव्हा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या कोणा भाच्याने मामासाठी तिथल्या दुकानातून उत्तम प्रतीचे होकायंत्र हौसेने आणले, आणि ते सह्याद्रीत येताच त्याची सुई दक्षिणेच्या टोकाने कलून कुपीच्या तळाला घासू लागली, तर त्यात यंत्राची कसूर नाही आणि भाच्याचीही नाही. ते यंत्र निराळ्या मुलखासाठी तोललेले आहे, एवढेच. काही निर्माते यासाठी जगाचे दोन, तर काही तीन किंवा त्याहून अधिक विभाग करतात आणि त्याचे चिन्ह पट्टीच्या पाठीवर अथवा खोक्यावर छापतात. जेथे चुंबकीय विषुववृत्ताचा विभाग वेगळा धरलेला असेल तेथे भारतासाठी तोच मागून घ्यावा. ज्याला यंदा रतनगड आणि पुढल्या साली लडाख करायचा आहे, त्याने मात्र सर्व विभागांत चालणाऱ्या सुईचे होकायंत्र घ्यावे. त्यात चुंबक सुईपासून अलग असा मध्याशी तोललेला असतो, तो कललेला असला तरी सुई आडवीच राहते, आणि हात थोडा तिरपा धरला गेला तरी ती अडत नाही. किंमत जास्त पडते. परंतु जास्तीचे पैसे मोजावेत अशी जी फारच थोडी वैशिष्ट्ये आहेत त्यांत मी हिला अग्रस्थान देईन.

दुकानात गेल्यावर परीक्षा कशी करावी? काचेच्या कपाटाला पोलादी चौकट असते, गल्ल्याखाली लोखंडी खण असतो, आणि विक्रेत्याने पाच-सात होकायंत्रे एकाच खोक्यात शेजारी शेजारी ठेवलेली असल्यामुळे त्यांच्या सुया एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या असतात. अशा ठिकाणी कोणतेही अनुमान काढणे व्यर्थ होय. विक्रेत्याची परवानगी काढून दोन-तीन नग बाहेर मोकळ्यावर न्यावेत, आपला फोन सोबत्याजवळ देऊन त्याला दूर उभे करावे, आणि एकेक नग स्वतंत्रपणे लाकडी बाकावर किंवा तळहातावर सपाट धरून पाहावा. सुई स्थिर झाली की तबकडी फिरवून बाण तिच्यावर जुळवून ठेवावा. मग लोखंडी किल्लीने सुईला एका बाजूस खेचून किल्ली झटकन दूर न्यावी आणि ती जेथे परत येते तो अंश पाहावा. नंतर तिला दुसऱ्या बाजूने खेचून पुन्हा पाहावे. दोन्ही वेळा ती त्याच रेघेवर आली तर आतील खुंटीचे टोक आणि त्यावर टेकलेला खडा निर्दोष आहेत असे समजावे. एकदा अलीकडे आणि एकदा पलीकडे थांबली, तर तो नग परत करावा, मग तो कितीही प्रसिद्ध छापाचा असो. सुई स्थिर व्हायला चार-पाच सेकंदांहून फार अधिक वेळ लागत असेल, तर तिचा भर उन्हात चालताना वैताग येईल. तबकडी पूर्ण एक फेरा फिरवून ती मध्येच जड होते का, किंवा उलट इतकी सैल आहे का की सॅकमध्ये घासून जुळवलेला कोन बदलेल, हेही पाहून घ्यावे.

कुपीत बुडबुडा दिसला की लोक घाबरतात. उंचीवर हवेचा दाब कमी झाल्याने किंवा थंडीत द्रव आकसल्याने मोहरीएवढा बुडबुडा येऊ शकतो, आणि खाली उतरल्यावर तो नाहीसाही होतो. तो सुईच्या मार्गात येत नसेल तर त्याने काही बिघडत नाही. परंतु दुकानातच, मुंबईच्या उकाड्यात, जो बुडबुडा ठळक दिसतो आणि दर महिन्याला मोठा होतो, तो कुपी गळत असल्याचा पुरावा होय.

नकाशाचे प्रमाण ही आणखी एक तपासण्यासारखी बाब. १७६७ पासून चालत आलेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे आपल्याकडे सर्वाधिक वापरात असलेले स्थलदर्शक नकाशे एकास पन्नास हजार या प्रमाणाचे असतात, म्हणजे त्यांवरील दोन सेंटिमीटर जमिनीवरील एक किलोमीटर होतात. पट्टीवर सेंटिमीटरची स्वच्छ पट्टी आणि शक्य तर हे प्रमाण असावे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पुष्कळ होकायंत्रांवर इंच आणि तिकडच्या एकास चोवीस हजार प्रमाणाच्याच खुणा असतात, त्या येथे निरुपयोगी.

चुंबकीय उत्तर आणि भौगोलिक उत्तर यांतील फरक, ज्याला दिक्पात म्हणतात, तो दुरुस्त करण्यासाठी काही यंत्रांत एक लहानसा स्क्रू असतो. महाराष्ट्रात हा फरक आज एक अंशाहूनही कमी असल्याने त्या सोयीसाठी येथे जादा पैसे मोजण्याची गरज नाही. लडाखात तो तीन अंशांच्या घरात जातो, तोही मनातल्या मनात वजा-मिळवणी करून सांभाळता येतो. मात्र जे मराठी कुटुंब सिॲटलला किंवा ऑकलंडला स्थायिक झाले आहे, जेथे हा फरक अनुक्रमे सुमारे पंधरा आणि वीस अंश पूर्वेकडे भरतो, त्याने त्या स्क्रूशिवाय डोंगरात पाऊल टाकू नये हेच इष्ट.

इथवर यंत्राच्या गुणदोषांची शहानिशा झाली. परंतु निर्दोष यंत्रालाही चकवणारी स्थळे आपल्याच मुलखात आहेत. सह्याद्री हा सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याचा बनला आहे, आणि त्या बेसाल्ट खडकात मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजाचे सूक्ष्म कण असतात. त्यातील पुष्कळसा लाव्हा ज्या काळात थिजला, त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आजच्या नेमके उलट होते, आणि त्या उलट्या दिशेची साक्ष हा खडक अजून बाळगून आहे. भूशास्त्रज्ञांना तो एक अमूल्य दस्तऐवज वाटतो. सुदैवाने खडकाचे हे एरवीचे चुंबकत्व इतके मंद असते की चालणाऱ्याच्या सुईवर त्याचा परिणाम जाणवत नाही. पण उघड्या सुळक्यावर किंवा शिखराच्या माथ्यावर जेथे वीज पडलेली असते, तेथे तिच्या प्रचंड प्रवाहाने आसपासचा दगड जोराने चुंबकित होतो, आणि अशा दगडावर होकायंत्र ठेवले तर सुई भलतीकडे वळू शकते. स्कॉटलंडमधील स्काय बेटाच्या कूलिन पर्वतात, जेथील खडकही अग्निजन्यच आहे, होकायंत्रावर विसंबू नये असा इशारा गिर्यारोहकांना मुद्दाम दिला जातो. उपाय सोपा आहे: यंत्र खडकावर न टेकवता छातीच्या उंचीवर धरावे, आणि वीस-पंचवीस पावले बाजूस सरून तीच दिशा पुन्हा घ्यावी. जुळली तर ठीक. न जुळली तर पुढच्या खुणेवर जाऊन मागे वळून उलट कोन घ्यावा, तो पहिल्याहून बरोबर एकशे ऐंशी अंशांनी वेगळा यायला हवा.

गडावरील ओतीव लोखंडाची तोफ ही नकाशा पसरण्यास मोठी मोहक जागा असते, आणि दिशा पाहण्यास तितकीच अयोग्य. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांचे पोलादी खांब आहेत. त्यांच्या बुडाशी उभे राहूनही दिशा घेऊ नये. याहून धोक्याच्या वस्तू आपण अंगावर वागवतो. पाकिटाच्या झाकणातील चुंबकी बटन, पाण्याच्या नळीला छातीवर अडकवून ठेवणारी चुंबकी चाप, आणि फोन.

फोन आहे म्हटल्यावर होकायंत्र कशाला, हा प्रश्न तरुण मंडळी हटकून विचारतात. फोन आपण कोठे आहोत हे उपग्रहांच्या साहाय्याने फार सुंदर सांगतो, आणि ते सांगण्यात कोणतेही होकायंत्र त्याची बरोबरी करू शकणार नाही. परंतु माणूस उभा असताना त्याचे तोंड कोणीकडे आहे हे सांगण्यासाठी फोनलाही आतल्या चुंबकमापकाचाच आधार घ्यावा लागतो, जो चुंबकी कव्हराने सहज भ्रमित होतो आणि ज्याला हवेत इंग्रजी आठचा आकडा काढून वारंवार ताळ्यावर आणावे लागते. शिवाय पावसात भिजलेल्या बोटांना पडदा जुमानत नाही आणि बॅटरी संपली की सारेच संपते. दोन्ही बाळगावीत, एकाच खिशात मात्र ठेवू नयेत.

कारण फोनच्या ध्वनिवर्धकातील चुंबकाशेजारी दीर्घकाळ पडून राहिलेली सुई केवळ बिघडते असे नव्हे, ती कधी कधी पूर्णपणे उलटते, म्हणजे लाल टोक दक्षिण दाखवू लागते. अर्धवट बिघडलेली सुई निदान संशय तरी उत्पन्न करते; पुरती उलटलेली सुई अगदी स्थिर, डौलदार आणि ठाम असते. म्हणून प्रत्येक मोठ्या भटकंतीपूर्वी यंत्राची परीक्षा घ्यावी, आणि तीही सूर्याच्या भरवशावर घेऊ नये. दुपारी बारा वाजता सूर्य दक्षिणेला असतो हा युरोपीय पुस्तकांतला नियम आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत उलटा पडतो, कारण त्या काळात मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जातो, आणि पावसाळी भटकंतीचा ऐन हंगामही तोच. त्यापेक्षा निरभ्र रात्री, वाहनांपासून आणि विजेच्या खांबांपासून दूर जाऊन ध्रुवतारा पाहावा. महाराष्ट्रातून तो क्षितिजापासून एकोणीस-वीस अंशांवरच, म्हणजे नजर फारशी न उचलता दिसतो, आणि खऱ्या उत्तरेपासून एक अंशाइतकाही ढळत नाही. त्याच्यावर दिशाबाण रोखून तबकडी जुळवावी. शून्याच्या दोन अंश इकडे-तिकडे आकडा आला तर यंत्र खरे, एकशे ऐंशीच्या जवळ आला तर सुई उलटलेली. उलटलेली सुई जोरदार चुंबकाचे योग्य टोक कुपीवरून एकाच दिशेने फिरवून पुन्हा सुलटी करता येते, आणि तसे केलेले होकायंत्र पुढे महिनाभर त्याच परीक्षेला उतरत राहिले तर खुशाल सॅकमध्ये घालावे. ते पुन्हा डळमळू लागले, तर घरातल्या मुलांना दिशा शिकण्यासाठी देऊन टाकावे आणि गडावर नेण्यासाठी दुसरे घ्यावे.